बोकडाच्या जागी चांदणी

सरकारनं तीन गावांची एक नगरपालिका केली आणि नव्या झेंड्यावरून आमच्या गावाची जुनी खूण असलेला बोकड हाकलला. आता तीन सारख्या चांदण्या आहेत, गावाला एकेक.

झेंडे शिवणाऱ्या वाल्बुर्गाकाकूंनी नगराध्यक्ष ब्रिंकहूसला तोंडावर विचारलं, "यातली आमची कुठली?"

"कुठलीही घ्या काकू, सारख्याच आहेत. बोकड जरा गावठी दिसतो हो."

"आम्ही गावठीच आहोत! आणि तू रे? तुझ्या बापानं बोकडंच पाळली ना?"

काकूंनी चांदण्या शिवल्या नाहीत. आम्ही बंबवाल्यांनी त्यांनीच शिवलेला जुना बोकड अग्निशमन केंद्राच्या मनोऱ्यावर चढवला.

ब्रिंकहूस ओरडला, "आत्ताच्या आत्ता उतरवा!"

मी म्हणालो, "तुम्हीच उतरवा. उंच शिडी तेवढी आमच्याकडेच आहे, आणि ती मिळणार नाही."