टाकलेल्या तीन नव्व्या

पत्त्यांच्या धंद्यात तिला सगळे एक्सरे म्हणत. समोरच्याच्या हातात काय आहे ते तिला कातड्याच्या आरपार दिसतं, अशी ख्याती होती. दिसत वगैरे काही नव्हतं. ती फक्त बघायची, आणि बघायचा तिला कंटाळा नव्हता. चांगले पत्ते आले की कोण पाण्याचा घोट घेतो, थाप मारताना कोण जरा जास्तच ऐसपैस बसतो, हे ती डोळ्यांत तेल घालून टिपायची. नवरा लवकर गेला. त्यानंतर पोकर खेळून तिनं घर चालवलं, आईला सांभाळलं, मुलगी वाढवली. "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की ती सांगे, "पत्ते खेळते." लोक हसत. हसोत बापडे.

आणि आज रविवारच्या भर दुपारी, हॉटेलच्या तळघरातल्या गारठलेल्या हॉलमध्ये, स्पर्धेच्या शेवटच्या टेबलावर तिच्यासमोर तिचीच मुलगी बसली होती. कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, आईसाठी ती ठमी.

ठमीनं शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. "मलाही हेच करायचंय," एवढंच कारण. घरात त्यावरून इतकी भांडणं झाली की शेजारणीनं टीव्ही बघणं सोडलं. शेवटी एका सकाळी ओट्याला टेकून ठमीच म्हणाली, "आई, या स्पर्धेत दोघीही उतरू. जी आधी बाहेर पडेल तिनं दुसरीचं ऐकायचं. मी हरले तर गपचूप कॉलेजात. तू हरलीस तर पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही."

एक्सरे हो म्हणून बसली. पोर पहिल्याच दिवशी गारद होईल असा तिचा हिशेब. पण खाण तशी माती! ठमी एकेकाला घरी पाठवत थेट इथवर आली.

एक्सरेला या खेळाची लाज नव्हती. भीती होती. एकसारख्या दिसणाऱ्या हॉटेलांच्या खोल्या, पलंगावर बसून एकटीनं खाल्लेलं गार जेवण, जिंकल्यावर सांगायला कुणी नाही आणि हरल्यावर तर नाहीच नाही. स्वतः तिनं ते सोसलं. पोरीनं ते सोसू नये, एवढ्यासाठी ती आज पोरीला हरवायला बसली होती.

टेबलावर आता तिघंच उरले होते. तिसरे म्हणजे दातांचे एक डॉक्टर. दवाखाना सुनेकडे सोपवून म्हातारपणी पत्त्यांच्या मागे लागलेले गृहस्थ, आणि तोंडानं फटकळ. खेळ सुरू होण्याआधीच ते पंचबाईंना म्हणाले होते, "मायलेकी एका टेबलावर! म्हणजे मी एकटा विरुद्ध एक कुटुंब."

पंचबाई म्हणजे हॉलमधला शेवटचा शब्द. उंच, चष्म्यातून माणसाला तोलणाऱ्या. त्यांनी दोघींना समोर उभं करून बजावलं होतं, "घरचं नातं घरी. एकीनं दुसरीला सूट दिली असं दिसलं तर दोघीही बाहेर. पुढच्या स्पर्धांचंही दार बंद."

चहा झाल्यावर तो डाव आला. एक्सरेच्या हातात दोन नव्व्या होत्या आणि टेबलावर सगळ्यांसाठी मांडलेल्या पत्त्यांत तिसरी. तीन नव्व्या म्हणजे घसघशीत हात. डॉक्टरांनी पत्ते टाकून डाव सोडला. ठमी मात्र चिप्स, त्या पैशांच्या रंगीत चकत्या, लावत राहिली, आई तेवढ्याच पुढे सारून जुळवत राहिली, मध्ये चिप्सचा ढीग वाढत गेला. शेवटचा उघडा पत्ता पडला, इस्पिकचा. टेबलावर आता तीन इस्पिक झाले. म्हणजे ठमीच्या हातात आणखी दोन इस्पिक असतील, तर एका रंगाचे पाच पत्ते होऊन तीन नव्व्या कुचकामी.

ठमीनं क्षणभर विचार केला आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. "ऑल इन."

एक्सरेनं मनात हिशेब मांडला. पोर खोटं बोलत असेल तर आता जुळवायचं, की खेळ इथेच संपला, सोमवारी कॉलेज. खरं बोलत असेल तर मात्र स्वतःचंच कंबरडं मोडणार.

"आहेत का गं इस्पिक तुझ्याकडे?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"आहेत," ठमी म्हणाली.

एक्सरेनं तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिनं हाताकडे बघितलं. ही गोष्ट जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. ठमी खोटं बोलली की तिचा अंगठा मुठीत जायचा. साखर खाल्ली नाही म्हणताना मुठीत, गृहपाठ केला म्हणताना मुठीत. खरं बोलताना तो बाहेर, मोकळा. आत्ता ठमीचा हात हिरव्या कापडावर निवांत पडला होता आणि अंगठा बाहेर होता.

खरं बोलतेय कार्टी.

एक्सरेनं नि:श्वास टाकला आणि पत्ते टाकले. तेही पालथे ठेवून गप्प बसावं ना! पण कसलेल्या खेळाडूला मोठा हात टाकला की तो जगाला दाखवायची खाज असते. तिनं दोन्ही नव्व्या उताण्या ठेवल्या. "बघ. तीन नव्व्या टाकतेय तुझ्यासमोर. शीक काहीतरी." यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "तीन नव्व्या? तीन नव्व्या कुणी टाकतं का हो? मघाशी नुसती जोडी होती तरी मला नाही सोडलंत! पंचबाई, पोरीचे पत्ते उघडा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!"

पंचबाई आल्या. टेबलावर बघितलं आणि म्हणाल्या, "उघडा."

ठमीनं पत्ते उलटले. बदामची सत्ती, चौकटची पंजी. एकही इस्पिक नाही, साधी जोडीसुद्धा नाही.

एक्सरेला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं पुन्हा त्या अंगठ्याकडे बघितलं. तो अजून तसाच बाहेर होता.

"झालं!" डॉक्टर म्हणाले. "अख्ख्या गावाला आरपार बघणारी बाई, आणि पोटच्या पोरीची थाप कळली नाही? दुधखुळा समजता काय मला?"

त्यांचं चुकत होतं असंही म्हणवेना. त्यांच्या जागी ती असती तरी तिला हेच वाटलं असतं. पंचबाईंनी घड्याळ थांबवलं. "दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही. मुली, तू माझ्या ऑफिसात. मॅडम, तुम्ही बाहेर पॅसेजमध्ये थांबा."

पॅसेजमध्ये घडीच्या खुर्च्या आणि बंद पडलेलं कॉफीचं मशीन होतं. एक्सरे बसली नाही. ठमीला बाहेर काढलं तर पोरीवर चोरीचा शिक्का बसणार, आणि तो आईच्या नावानं बसणार. बऱ्याच वेळानं पंचबाई आल्या.

"एकच प्रश्न. हात का टाकलात?"

सांगायचं म्हणजे इतकी वर्षं जपलेलं गुपित फोडायचं, शिवाय आपण गाढव ठरलो हेही कबूल करायचं. पण पोर आत बसली होती.

"तिचा अंगठा बाहेर होता," ती म्हणाली. "खोटं बोलताना तो मुठीत असतो. लहानपणापासून. मला वाटलं खरं बोलतेय. सूट नाही दिली हो मी तिला. तिनं मला फसवलं."

पंचबाईंनी चष्मा काढला. "मी तिला विचारलं, आईनं पत्ते टाकावेत म्हणून तू काय केलंस? ती म्हणाली, अंगठा बाहेर ठेवला."

"तिला माहीत होतं?"

"दोघींनी वेगवेगळं बसून एकच सांगितलंत. डाव कायम. खेळ पुढे चालू." पंचबाई वळल्या, मग थांबल्या. "मी तिला विचारलं, हे कधीपासून कळलं तुला? म्हणाली, दुसरी-तिसरीत असताना. तुम्ही बॅग घेऊन निघालात की विचारायचात म्हणे, राहशील ना आजीजवळ, रडणार नाहीस ना? खोटं सांगितलं तर तुम्ही हाताकडे बघून परत बसायचात, गाडी चुकायची. मग ती अंगठा बाहेर ठेवायला शिकली."

पंचबाई आत गेल्या. एक्सरे आता बसली. गुरूची विद्या गुरूला, असं कुणी म्हटलं असतं तर तिला हसू आलं असतं. पण हे तसं नव्हतं. ज्या एकटेपणातून पोरीला वाचवायला ती इतकी धडपडत होती, तो पोरीनं शाळेच्या वयातच भोगला होता. घरी, दाराच्या आत. आणि आरपार बघणारी बाई दर वेळी निर्धास्त मनानं जिना उतरत गेली होती.

ती टेबलावर परतली. डॉक्टर खाली मान घालून चिप्स रचत होते. "माफ करा बाई," ते पुटपुटले. तिनं मान हलवली. तिच्यापुढे आता चिप्सच्या दोन-तीनच चळती उरल्या होत्या.

"आई," ठमी हळूच म्हणाली, "तू ठीक आहेस ना?"

'मजेत' म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंच होतं.

"नाही गं," एक्सरे म्हणाली. "फार वाईट वाटतंय."

ठमीनं हातातली चिप खाली ठेवली. "मलापण वाटायचं."

पत्ते वाटणारा थांबून राहिला होता. पंचबाईंनीही त्याला घाई केली नाही.

"आता सूट नको देऊस," ठमीनं नाक ओढत म्हटलं.

"तेव्हा तरी कुठे दिली होती?" आई म्हणाली. पत्ते वाटले गेले. डॉक्टरांनी आपले टाकले. एक्सरेनं आपले दोन कोपऱ्यातून उचलून बघितले आणि उरलेल्या सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या. "ऑल इन."

ठमीनं स्वतःचे पत्ते उचललेच नाहीत. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. या टेबलांवर कुणीही असं रोखून बघायला लागलं की एक्सरे अंगावरच्या शालीत हनुवटी लपवायची, नजर भिंतीवर ठेवायची. आज तिनं शाल खाली केली आणि पोरीला हवं तेवढं बघू दिलं.