उसवायची खोड

आमचे हे आळशी असते तर मी एक वेळ चालवून घेतलं असतं. पण पोटच्या मुलानं शिवलेलं कापड रोज ब्लेड घेऊन उसवत बसायचं, तेही दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, ह्याला काय म्हणायचं ते मला माझ्या चार यत्तांत कुणी शिकवलं नाही.

आमचं शिवणकामाचं दुकान. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. ह्यांच्या हाताला चाळीस वर्षं नाव होतं. मग कंपवात आला. आधी सुई ओवता येईना, मग कात्री धरता येईना, मग चहाचा कप बशीत वाजायला लागला. दोन वर्षं मुलानं एकट्यानं दुकान ओढलं आणि हे खुर्चीत बसून आपल्याच मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले, जसे काही ते शेजाऱ्याचे आहेत. मग डॉक्टरांनी नवी गोळी दिली. महिन्याभरात हात जागेवर आले. मी डॉक्टरांचं नाव चार घरी जाऊन सांगून आले.

हात सुधारले आणि वागणं बिघडलं. आधी एखादी कॉलर उसवली. "टीप सरळ नाही," म्हणाले. मुलानं मुकाट्यानं पुन्हा मारली. मग बाह्या, मग खिसे, मग इस्त्री होऊन घडी घातलेले शर्ट. एकदा गिऱ्हाईक पँट न्यायला काउंटरपाशी उभं, आणि हे त्याच पँटची कंबर उसवतायत.

"काका, ती मला आज घालायचीय," तो बिचारा म्हणाला.

"मग वर लांब शर्ट घाला," हे म्हणाले आणि दोरा ओढत राहिले.

लोक हसले. मुलगा हसला नाही.

मी गप्प बसणारी नव्हे, पण बोलले ती मुलालाच. "चाळीस वर्षं शिवणाऱ्याला दिसतं ते तुला दिसत नसेल. टाका जरा मन लावून घाल." सूनबाई एकदा म्हणाली, "आई, मामंजींना ह्यांचं काही पटतच नाही हो." मी म्हटलं, "पटण्यासारखं शिव म्हणावं." जीभ माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

सहा महिने हे असं चाललं. मग एका सकाळी मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, मी कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरलीय. दुसऱ्या गावी. सोमवारी आम्ही दोघं निघतो."

"काय शिवणार तिथं?"

"कफ."

"आणि?"

"नुसते कफ. दिवसभर."

"इथं अख्खा शर्ट शिवतोस आणि तिथं जाऊन कफ शिवणार?"

"तिथं कुणी उसवत नाही, आई."



राग आला की मी कपाट आवरते. दुपारी ह्यांचं कपाट उघडलं. कोट टांगायचा हँगर रिकामा होता. तो कोट ह्यांनी विशीत शिवलेला, पहिलाच. ह्यांच्या उस्तादांनी तो वर्षभर दुकानाच्या दारात लावून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. मला त्याला ब्रशसुद्धा लावू द्यायचे नाहीत. खालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तो सापडला. बाह्या वेगळ्या, अस्तर वेगळं, कॉलरचे दोन तुकडे. आणि उसवलेले दोरे, लांबीप्रमाणे लावून, एकाशेजारी एक, काडेपेटीतल्या काड्यांसारखे.

मी खोकं उचलून दुकानात नेलं. हे एका नव्या शर्टाचा खिसा उसवत होते.

"हा कोट कुणी उसवला?"

"मी." मान वर केली नाही.

"कशाला?"

"खांद्याला एक टाका ओढलेला वाटला."

"आणि अस्तरानं काय केलं होतं? कॉलरनं?"

ब्लेड थांबलं नाही. "एकदा हात लागला की सोडवत नाही," म्हणाले.

मुलाचं काम आवडत नाही म्हणून माणूस मुलाचं उसवेल. पण ह्या कोटात ह्यांनी उभ्या जन्मात खोट काढली नव्हती. म्हणजे मुलाच्या शिवणीचा ह्या उसवण्याशी काडीचा संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. खोकंही नेलं, कारण मला तोंडानं समजावून सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी दोऱ्यांच्या रांगा पाहिल्या आणि पेन खाली ठेवलं.

"हे कधीपासून?"

"तुमची गोळी सुरू झाल्यापासून," मी म्हटलं.

"ह्या गोळीनं काही जणांना असा चाळा लागतो. एकच काम, पुन्हा पुन्हा. मनात आणलं तरी थांबता येत नाही." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "मी दर खेपेला विचारत होतो, वागण्यात काही बदल वाटतो का. तुम्ही नाही म्हणायचात."

हे आपल्या हातांकडे बघत होते. हात अगदी स्थिर होते.

"ठाऊक होतं," हे म्हणाले. "पहिल्या महिन्यातच कळलं होतं. बोललो असतो तर तुम्ही गोळी काढली असती."

डॉक्टर म्हणाले, ती एकदम बंद करता येत नाही, थोडी थोडी उतरवू, दुसरी देऊन बघू. हात पुन्हा किती हलतील, ते आत्ता सांगता येणार नाही. मी खोकं काखेत मारलं आणि ह्यांना घेऊन निघाले.

घरी आलो तर मागच्या खोलीत मुलगा बॅगेत कपडे भरत होता. हे सवयीनं मशीनपाशी बसायला निघाले. मी स्टूल बाजूला ओढलं.

"बसू नका, उभ्यानं ऐका," मी म्हटलं. "उसवलं ते गोळीनं, त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. हात पुन्हा हलायला लागले तर घास मी भरवीन, बटणं मी लावीन. पण त्याची शिवण चांगली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि आपले हात राखायला तुम्ही सहा महिने त्याला नालायक ठरू दिलंत. ते गोळीनं केलेलं नाही, ते तुम्ही केलंत. मी त्याला जे बोलले ते माझं मी निस्तरीन. तुमचं तुम्ही निस्तरा. आत जा आणि त्याला स्वतःच्या तोंडानं सांगा. राहायचं की जायचं ते तो ठरवेल, आणि गेला तर मी तुम्हाला त्याला अडवू देणार नाही."