अकरावं ताट

सेटवर तिला सगळे चित्रगुप्त म्हणत. माणसांच्या पापपुण्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. कप कोणत्या हातात होता, एवढंच ती बघायची. सिनेमाचे तुकडे उलटसुलट घेतले जातात. नट आज दाराबाहेर पडतो आणि तीन आठवड्यांनी त्याच दारातून आत येतो. तेवढ्यात त्याच्या शर्टाचं बटण तुटू नये, मिशी वाढू नये, अर्धी जळलेली मेणबत्ती पुन्हा लांब होऊ नये, म्हणून जी बाई वहीत सगळं टिपत बसते ती ही. चौदा वर्षांत तिच्या वहीत एकही खोटी नोंद नव्हती. लग्न ठरताना नवऱ्यानं सांगितलेली उंची तिनं टेप लावून तपासली होती, आणि ते तो अजून विसरलेला नाही.

यावेळचा सिनेमा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घराण्यावर होता. साहेबाचं राज्य, एक मोठं कुटुंब, त्याच्यावर पाळत, आणि घरातल्या बातम्या रोज सरकारला पोचवणारा कोणीतरी घरभेदी. नायक म्हणजे दिग्दर्शकाचे आजोबा. त्यांच्या धाकट्या भावाला पकडून नेलं, तो तुरुंगातच वारला. आणि घरभेदी कोण, तर स्वयंपाकी. स्वयंपाक्याविरुद्ध पुरावा काहीच नव्हता, पण पुराव्याची उणीव पार्श्वसंगीतानं भरून काढता येते असं दिग्दर्शकाचं मत होतं. त्या भूमिकेसाठी त्यानं असा नट शोधून आणला होता, की ज्याच्या हातून पाण्याचा ग्लास घेतानाही माणसानं आधी वास घेऊन बघावा. नट बिचारा सज्जन होता, पण तोंडाला कोण काय करणार.

पाळत या प्रकाराचा दिग्दर्शकाला मनापासून तिटकारा होता. म्हणून त्यानं सेटवर फक्त नऊ जास्तीचे कॅमेरे लावले होते. सिनेमाच्या जन्माची कहाणी टिपण्यासाठी, असं तो सांगे. प्रत्यक्षात चहाला कोण किती वेळ रेंगाळतं, हे तो फोनवर बघत बसे. सुताराला एकदा त्यानं माइकवरून सगळ्यांदेखत कळवलं होतं, की दुसऱ्या बिस्किटाची खरंच गरज होती का यावर त्यानं एकांतात विचार करावा. हे नऊ कॅमेरे कधीही, खुद्द मी सांगितलं तरीही, बंद करू नयेत, असा लेखी हुकूम दारावर चिकटवलेला होता. खाली ‘सत्याला कट म्हणता येत नाही’ असं लिहून त्यानं सही ठोकली होती. सही हुकमापेक्षा मोठी होती.

सिनेमा अस्सल वाटावा म्हणून त्यानं सरकारी दफ्तरखान्यातून त्या काळच्या खऱ्या गुप्त अहवालांच्या प्रती आणल्या होत्या. दोनशे बारा कागद. सगळे आजोबांच्याच घराविषयी, सगळे एकाच हातचे. ते साहेबाच्या कचेरीच्या भिंतीवर डकवले होते. त्यानं त्यातला एकही वाचला नव्हता. कागद वाचायचे नसतात, दिसायचे असतात, हे त्यानं कलादिग्दर्शकाला फार मायेनं समजावलं होतं.

चित्रगुप्ताला मात्र वाचणं भाग होतं. भिंत प्रत्येक सीनमध्ये तशीच दिसायला हवी, म्हणून कोणता कागद कुठं, हे पहिल्या ओळीसकट टिपून ठेवायचं काम तिचं. आणि पहिली ओळ वाचून दुसरी सोडून द्यायला ती काही संत नव्हती.

प्रत्येक अहवालाची सुरुवात सारखी होती: आज घरात अकरा ताटं वाढली. मग कोण कुठं बसलं, कोण काय बोललं, धाकट्या भावानं सरकारला कोणती शिवी दिली, थोरल्याला किती शिंका आल्या, स्वयंपाक्यानं मीठ कसं जास्त टाकलं. सवयीनं तिनं माणसं मोजली. दहा. पुढचा कागद घेतला. ताटं अकरा, माणसं दहा. दोनशे बारा कागद झाले तरी गणित तेच. गायब होता तो मधला भाऊ, म्हणजे नायक, म्हणजे दिग्दर्शकाचे आजोबा. ज्या माणसानं म्हणे साहेबाच्या तोंडचं पाणी पळवलं, त्याला उभ्या अहवालांत साधी उचकीही लागली नव्हती.

ताटं मोजताना माणूस स्वतःलाही धरतो. माणसं लिहिताना स्वतःला विसरतो. चौदा वर्षं मोजण्याचंच काम केल्यामुळे तिला हे लगेच कळलं.

जेवणाच्या सुटीत तिनं दिग्दर्शकाला भिंतीपाशी नेऊन दाखवलं. आधी तो हसला. मग त्यानं सहा-सात कागद वाचले, आणि त्याचं हसू ओठांवरच शिळं झालं.

“दहा कर,” तो म्हणाला.

“काय, सर?”

“ताटं. टेबलावर दहाच मांडायला सांग. कागदावरचं मी बघून घेतो.”

अकरा ताटांचे तीन सीन आधीच झाले आहेत, हे तिनं सांगितलं. तेवढं संकलनात कापता येईल, पण तिच्या वहीत दहाच दिसायला हवीत, असं तो म्हणाला. तिनं आजवर वहीत खोटं लिहिलेलं नव्हतं. मग उद्यापासून वही दुसरं कोणीतरी लिहील, असं त्यानं शांतपणे सुचवलं. आज दुपारी त्याचे एक्क्याण्णव वर्षांचे वडील शूटिंग बघायला येणार होते. आपल्या बापाविषयी हे असलं कळलं तर म्हातारा जागीच जाईल, असंही त्यानं ऐकवलं.

“तो स्वयंपाकीही कुणाचा तरी बाप असेल ना, सर.”

“असेल,” दिग्दर्शक म्हणाला. “पण त्याचा नातू सिनेमे काढत नाही.”

ताटं दहा झाली. ती वही उघडून बसली. तारीख, वेळ, टेबलक्लॉथवरचा डाग, सगळं लिहून झालं. ताटांचा रकाना तेवढा रिकामा राहिला. खोटं लिहिलं तर स्वयंपाक्यावरचा डाग पडद्यावर कायमचा बसणार, आणि खरं लिहिलं तर घरी बसायचं तिनं.

म्हातारे वडील आले. त्यांना मॉनिटरपुढच्या खुर्चीत बसवलं. कुटुंब जेवायला बसलं, नट तिरक्या नजरेनं वाढायला लागला. रिहर्सल चालू असतानाच म्हातारा उठला, काठी टेकत टेबलापाशी गेला आणि बोटानं ताटं मोजू लागला.

“माझ्या बाबांचं कुठाय?”

“बाबा, तुम्ही बसा,” दिग्दर्शक म्हणाला.

“अरे, खिडकीपाशी झाकून ठेवलेलं असायचं. ते सगळ्यांचं झाल्यावर बसायचे. तोवर आतल्या खोलीत दार किलकिलं करून लिहीत असायचे. हाक मारायची सोय नव्हती. एकदा मी विचारलं, बाबा, काय लिहिता? तर म्हणाले, तुम्ही सगळे किती छान बोलता, ते.” म्हाताऱ्यानं नटाकडे पाहिलं. “स्वयंपाक्याला उगीच हाकललं रे आपण. मला घास भरवायचा तो.”

“कट,” दिग्दर्शक म्हणाला.

कापण्यासारखं काहीच चालू नव्हतं. चालू होते ते कोपऱ्यांतले नऊ, लाल दिवे लावून. त्यानं दाराकडे पाहिलं. तिथं त्याचीच सही होती.

मग तो हळूहळू चार नंबरच्या कॅमेऱ्याकडे वळला, डावा गाल पुढे करून. डावी बाजू त्याची बरी दिसते, हे तिच्या वहीत पहिल्याच दिवशी नोंदलेलं होतं. आणि तो रडला. हे सत्य आपल्या रक्तात कायम ठणकत होतं, म्हणून तर आपण हा सिनेमा हाती घेतला, असं तो हुंदक्यांच्या मधून सांगू लागला. सुतार दुसरं बिस्किट खाता खाता ऐकत होता.

नट तिच्याजवळ येऊन कुजबुजला, “मग मी आता कोण?”

“स्वयंपाकी.”

“नुसताच?”

“नुसताच.”

नटाचा चेहरा पडला, आणि पहिल्यांदाच तो भला माणूस दिसला. तिनं रकान्यात लिहिलं: ताटं अकरा. एक झाकलेलं, खिडकीपाशी.

एव्हाना दिग्दर्शक फोनवर स्वतःला बघून आला होता. चेहऱ्यावर प्रकाश कमी पडला होता. हे पुन्हा एकदा नीट घेऊ, असं त्यानं जाहीर केलं, वडिलांना शब्द न बदलता तेच बोलायची विनंती केली, अकरावं ताट मागवलं आणि तिच्याकडे वळला.

“मघाशी मी कुठून सुरुवात केली होती गं?”

तिनं पान मागं उलटलं.

“आधी उजवा डोळा पुसला होतात, सर. त्याच्या आधी ‘दहा कर’ म्हणाला होतात. ते सहा नंबरच्या कॅमेऱ्यात आहे.” तिनं पेनाचं टोपण काढलं. “तिथूनच घ्यायचं ना?”