ताराखूच्या देवाला कान नाहीत

मी काही संशयी बाई नाही हो. पण घरात काही शिजत असेल तर वास येणारच ना?

महिनाभर माझी सून मृणालिनी आणि नात चांदणी भलतीच भाषा बोलत होत्या. आमच्या नवघरात गुजराती, मारवाडी, भोजपुरी सगळं कानावर पडतं, पण हे त्यातलं काहीच नव्हतं. ‘लोमी ताराखू’, ‘बेसे नुरा’, असलं काहीतरी. मी समोर आले की दोघी गप्प! वर एक चाळा. बेडरूममध्ये शिरताना दोन्ही कानांना हात लावायचा आणि वाकून उंबऱ्याबाहेर काहीतरी ठेवल्यासारखं करायचं, चपला काढतात तसं. मला तर आधी करणीच वाटली.

समोरच्या उर्मिलाबेनना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पुष्पाबेन, ध्यान रखना. मेरी ननद की बहू भी ऐसे ही फुसफुस करती थी. एक दिन सामान लेके सीधा विरार.”

हे गेल्यापासून मला आहे कोण? यतीन एकुलता एक. तो बायको-पोरीला घेऊन निघाला तर मी काय भिंतींशी बोलू? त्याला विचारलं तर म्हणतो, “खेळ आहे गं त्यांचा.” नंदीबैल मेला!

शनिवारी मृणालिनी भाजी आणायला खाली गेली. मी लगेच चांदणीच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

“काय गं, ही भाषा कुठली?”

“ताराखूची. देश आहे तो.”

“कुठे आला हा देश?”

“आमच्या खोलीत.” पोरगी वडी खात शांतपणे सांगत होती. “तिथे सगळे भात खातात आणि झोपाळ्यावर झोपतात. कुठे चाललीस, कुणाचा फोन होता, असं कुणी कुणाला विचारत नाही. त्यांच्या भाषेत ‘कशाला’ हा शब्दच नाही.”

“आणि देव?”

“देवाला कान नाहीत. म्हणून देवळात जाताना आपणही आपले कान काढून बाहेर ठेवायचे.”

“अगं, मग तो प्रार्थना कशी ऐकणार?”

“नाहीच ऐकत. म्हणून तर तिथे सगळे खरं बोलतात.”

मला असं झोंबलं म्हणून सांगू! एवढ्याशा पोरीला हे सुचतंय होय? आईनेच भरवलं असणार. मृणालिनी पिशवी घेऊन आत आली तशी मी तोफच डागली.

“सरळ सांग, कधी निघताय? कुठे घेतलीत जागा?”

तिने पिशवी खाली ठेवली. “आई, मागच्या महिन्यात मी माझ्या आईशी फोनवर बोलताना रडले. ते तुम्ही दाराआडून ऐकलंत. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये उर्मिलाबेन मला विचारतात, अब रोना बंद हुआ क्या?”

“काळजीपोटी सांगितलं गं मी.”

“माहितेय.”

“मग जाणारच ना तुम्ही?”

“जायचंच असतं तर मीरा रोडला फ्लॅट नसता बघितला, आई? इथेच राहायचंय, म्हणून तर घरात देश काढावा लागला.”

ती ओरडली असती तर मीही भांडले असते, भांडायला मी काही कमी नाही. पण ती खाली बसून कोथिंबीर निवडायला लागली. मला लाज वाटली आणि रडूही आलं. तिच्यासमोर रडायला नको म्हणून मी बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसले.

संध्याकाळी दोघी खोलीत गेल्या. दार लागलं आणि आतून त्या भाषेत खिदळणं सुरू झालं. माझे पाय सवयीने तिकडे निघालेच होते. मी मागे फिरले, टीव्ही लावला आणि आवाज चांगला मोठा केला.