दोन सिलिंडर उठेनात

आमच्या दिपिकाचं हे असं. बॉनेटखाली डोकं घातलं की सासू हाक मारतेय की कावळा ओरडतोय, बाईला पत्ता नसतो. तीनदा म्हटलं, "चहा निवला." चौथ्यांदा ओरडले तेव्हा म्हणते, "आई, थांबा ना, दोन उठत नाहीयेत."

"कोण दोन?"

"सिलिंडर."

शहाडच्या पुलाजवळचं हे गॅरेज माझ्या नवऱ्याने उभं केलं. ते गेल्यावर मुलाने बघायचं, तर आमच्या महेंद्रला खोपटच्या डेपोत एसटी चालवायची हौस. म्हणून आयटीआय केलेली सून पाना धरते आणि मी खुर्चीत बसून तिच्यावर लक्ष ठेवते. शाळा माझी चौथीपर्यंत. पण वीस वर्षं ट्रकांना तेल माझ्या हातचं गेलंय, आणि एकाही ट्रकने तक्रार केलेली नाही.

ही गाडी हरिहरची. त्याच्या भाड्याच्या सहा गाड्या, सगळ्या आमच्याकडे. ही सहावी नवी, नखऱ्याची. सर्व्हिस करून नेली आणि आठ दिवसांत परत आली. स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा पेटलेला, आणि पूल चढताना हिवताप भरल्यासारखी थडथडते.

"हिचे चार सिलिंडर," दिपिका म्हणाली. "सरळ रस्त्याला ओझं कमी असलं की दोन झोपतात, पेट्रोल वाचतं. चढ आला की उठायचे. ते उठत नाहीयेत."

"बरी सोय आहे. आमच्या नशिबी नव्हती."

ती हसली नाही. दुपारी हरिहर आला तो तणतणतच. "काकी, बाईच्या हातात इंजिन दिलं हीच माझी चुकी. संध्याकाळपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर सहाच्या सहा गाड्या मोहन्याच्या गॅरेजात नेतो. आणि का नेल्या ते स्टँडवर सगळ्यांना सांगतो."

तो गेल्यावर मी तिलाच झापलं. "दोन दिवस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलीयस. उघड ते इंजिन! लॅपटॉपवर काय पोळ्या भाजतात?"

"इंजिन उघडायचं शेवटी, आई. आधी चोर कुठल्या घरात आहे ते बघू."

मग तिचं सुरू. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या ठिणगी पाडणाऱ्या कॉइल काढून पहिल्या-चौथ्याला लावल्या. खोट जागची हलली नाही, म्हणजे कॉइल निर्दोष. मग लॅपटॉपवरून हुकूम सोडला तसं आत 'टक' वाजलं. मलाही ऐकू आलं. म्हणजे वायर शाबूत, तेल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह शाबूत. मग तिने तेल मोजायची पट्टी उपसली, थेंब बोटांत चोळला, वास घेतला. आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, सर्व्हिसच्या दिवशी मी पोरीला शाळेतून आणायला गेलेले. तेल तुम्ही ओतलंत ना? कुठलं?"

मी कुणाच्या बापाला भीत नाही. "ड्रममधलं, ट्रकचं. तुझ्या डब्यातलं पाण्यासारखं होतं. गिऱ्हाइकाला काय पातळ आमटी वाढायची?"

"आणि डब्यातलं?"

"शटरला घातलं. थोडं शेजारच्या गोदूबाईंच्या शिलाई मशीनला. उरलंय की बरंच, फळीवर आहे."

तिने आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता. तेवढंही सुख तिने दिलं नाही. खाली बसून तिने समजावलं की झोपलेल्या सिलिंडरची खिटी तेलाच्या दाबाने सरकते, आणि ते तेल सुईएवढ्या वाटेने जातं. दाट तेल तिथे वेळेवर पोचत नाही. मग झोपलेला झोपूनच राहतो.

मी पदराने घाम पुसला.

तिने सगळं तेल काढलं, इंजिन आतून पातळ तेलाने धुतलं, ते काढून नवं भरलं. पाच वाजता हरिहर आला. चालवायला तो, शेजारी लॅपटॉप घेऊन ती, आणि न विचारता मागे मी. नदीकडच्या सरळ रस्त्याला ती म्हणाली, "दोन झोपले." पूल आला. "दाबा आता." हरिहरने दाबलं. गाडी अशी चढली की पोटातलं पाणी हललं नाही.

"चारही उठले," दिपिका म्हणाली. तिने लॅपटॉप मिटला.

"झालेलं काय पण?" हरिहरने विचारलं.

"तेल चुकीचं पडलेलं. माझी चूक."

"बघा! तरी मी म्हणत होतो, बायकांचं हे काम—"

"हरिहर, गाडी बाजूला घे."

त्याने घेतली. नवऱ्याच्या वेळेपासून माझा हा आवाज तो ओळखतो.

"तेल मी ओतलं. हिने दोन दिवस डोकं लावून, एक बोल्ट फुकट न खोलता शोधून काढलं. स्टँडवर सांगायचं असेल तर हे सांग. माझ्या नावासकट."

"काकी, मी आपलं सहज..."

"सहज नव्हतं ते."

तो काचेतून समोर बघत बसला. दिपिका मागे वळली. काहीतरी म्हणणार होती, मी हात वर केला.

"तू गप. सासूची चूक अंगावर घेतेस, खोटं बोलतेस, तेही गिऱ्हाइकासमोर. सून म्हणून तुला मी अजून पास केलेलं नाही. पण मिस्त्री आहेस तू. उद्यापासून डबा तू दाखवायचा, ओतायचं मी."