घरचं माणूस

सुमंतरावांनी दर्भावर पिंड ठेवला, हात जोडले आणि उलट्या पावलांनी ते मागे सरकले. विष्णुपंतांच्या दहाव्यासाठी वाईच्या घाटावर जमलेली वीस-बावीस माणसं गप्प झाली. पलीकडच्या देवळाच्या कळसावर तीन कावळे होते. एकही हलला नाही.

"मनात काही राहिलं असेल त्यांच्या," गुरुजी म्हणाले. "बोला."

"अण्णा, घर विकणार नाही," सुमंतराव पिंडाकडे बघून म्हणाले. "तुमच्या धाकट्या नातीचं, ऋचाचं, शिक्षण पुरं करू. देवाचं सगळं तुम्ही करत होतात तसंच होईल."

प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांच्या माना कळसाकडे वळत होत्या. कावळे जागचे जागी.

भार्गवी वडिलांच्या मागेच उभी होती. ती ज्या वाक्याची वाट बघत होती, ते अजून आलं नव्हतं. सकाळी तिने आणि धाकट्या सौमित्रने मिळून बाबांकडून ते कबूल करून घेतलं होतं. आजोबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हापासून, अकरा वर्षं, लीलाबाईंनी त्यांचं सगळं केलं होतं. आता मागची खोली त्यांना कायमची राहायला द्यायची. आणि हे घाटावर, सगळ्या नातेवाइकांदेखत बोलायचं, म्हणजे उद्या कुणाला शब्द फिरवता येणार नाही. "माणसाचा मान असा चारचौघांतच द्यायचा असतो," सौमित्र म्हणाला होता. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भार्गवीला ते वाक्य आवडलं होतं.

लीलाबाई चार पायऱ्या वर, सगळ्यांच्या चपला आणि पिशव्यांपाशी उभ्या होत्या.

भार्गवीने हलकेच म्हटलं, "बाबा, लीलाबाईंचं."

सुमंतरावांनी घसा साफ केला. "अण्णा, लीलाबाईची काळजी करू नका. ती आपल्या घरचीच आहे. तिला शेवटपर्यंत सांभाळू."

एक कावळा उठला. सरळ खाली आला, पायरीवर बसला आणि दोन उड्यांत पिंडाच्या हातभर अंतरावर येऊन थांबला. सौमित्रने बहिणीचा हात दाबला.

"थांबा वो," वरून आवाज आला. "आण्णांस्नी खोटं सांगू नका."

कावळा उडून गेला.

"अहो बाई," गुरुजी वैतागून म्हणाले, "आला होता की तो."

"यील परत. त्येला काय, भूक हाय." लीलाबाई पायऱ्या उतरून आल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी हितं ऱ्हानार न्हाई. सोमवारपास्नं साताऱ्यात कामाला बोलावलंय. म्हाताऱ्या, आजारी मानसांचं केंद्र हाय, तितं."

"तुझ्या भल्याचंच बोललो ना मी?" सुमंतराव म्हणाले.

"व्हय. पर मला इचारलं कुनी?"

भार्गवीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनेही विचारलं नव्हतं.

"घरच्या मानसावानी ऱ्हा म्हनताय, त्ये कळतंय मला," लीलाबाई म्हणाल्या. "पर केंद्रवाले आधीच्या कामाचं लिवून मागत्यात. सहीसकट. तेवढं द्या."

"घरच्या माणसाला कसला दाखला?"

"घरची आसते तर चपलांजवळ कशाला उभी ऱ्हायले आसते, दादा?"

कुणीतरी खोकलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास बघू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू," असं म्हणून ते बाजूला जाऊन बसले.

भार्गवीने पिशवीतून वही काढली आणि पायरीवर बसून पान उलटलं. "सांगा. मी लिहिते."

"आमच्या आजोबांची मायेने सेवा केली," सौमित्रने सुरुवात सुचवली.

"माया नगं," लीलाबाई म्हणाल्या. "माया कुनीबी लिवतं. दर दोन तासांनी कूस बदलली, रात्री धरून. चमच्यानं भरवलं. गोळ्यांच्या येळा पाळल्या. अकरा वर्सांत पाठीला एक बेडसोर हू दिला न्हाई. त्ये लिवा."

भार्गवीने तसंच लिहिलं. मग तिचं पेन थांबलं.

"तुमचं पूर्ण नाव?"

"लीला तानाजी घार्गे. उंब्रजची. आन अकरा न्हाई, अकरा वर्सं चार म्हयने."

तिने खाडाखोड न करता नवं पान घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं. सुमंतरावांनी ते उभ्यानेच वाचलं. पाठीच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले. नंतर बोटातलं दर्भाचं पवित्रक काढून त्यांनी गुरुजींकडे दिलं, हात धोतराला पुसला आणि सही केली.

लीलाबाईंनी एकेका शब्दाखाली बोट फिरवत कागद वाचला.

"खाली फोन नंबर लिवा, ताई. त्यांचा फोन यील. बाई कशी हाय म्हनून इचारतील."

"मी बोलेन ना. चांगलंच सांगेन."

"सांगा. फकस्त घरच्यावानी हाय म्हनू नका."

भार्गवीने सहीखाली स्वतःचा नंबर लिहिला, आणि कागद देण्याआधी दहाही आकडे पुन्हा एकदा तपासले.