जुन्या भोजनगृहातला नवा भात

दुपारी एक वाजता, विद्यापीठाच्या मुरबाडजवळच्या आवारातल्या जुन्या भोजनगृहात, मुलांनी भाताला हात लावला नाही. वरण वाटीनं प्यायलं, वालाची उसळ संपवली, पापड खाल्ले आणि भाताची ताटं घासायच्या कट्ट्यावर ठेवून मुलं निघून गेली. पाहणीला आलेली समिती तेव्हा दाराशीच उभी होती.

संजीवनीनं हे सगळं वाढपाच्या टेबलामागून पाहिलं. भोजनगृह तिच्या ताब्यात होतं. ते चालू ठेवायचं की बंद करायचं, एवढंच समितीला ठरवायचं होतं. बंद झालं की भिमी आणि स्वयंपाकाच्या बाकी बायका घरी बसणार, संजीवनीला कुठल्या तरी कार्यालयात टेबल मिळणार. तिला त्याचं फार काही वाटत नव्हतं. पण डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेली मुलं इथं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भात मागून घ्यायची. पलीकडच्या फूड कोर्टात एकदा ताट मिळालं की मिळालं.

या आवारातली सगळी जेवणघरं तिनं पाहिली होती. पहिली नाल्याकाठची पत्र्याची शेड. संजीवनी तेव्हा इथं शिकायला होती. चुलीच्या धुरात पंगत बसायची आणि पावसाळ्यात जमीन ओली झाली की ताट मांडीवर. मग मुलांचं आणि मुलींचं वेगळं खानावळघर झालं, मध्ये भिंत. मुलांकडची आमटी बरी असते असं मुली म्हणायच्या आणि मुलं उलटं म्हणायची, कढई एकच होती तरी. त्यानंतर हे भोजनगृह, बाकं आणि मोठ्या खिडक्यांचं. आता काचेचं फूड कोर्ट, कल्याणच्या ठेकेदाराचं. दर वेळी नव्याची फीत कापली गेली आणि जुन्यात काहीतरी ठेवायला सुरुवात झाली. शेडमध्ये सिमेंट, खानावळघरात मोडक्या खाटा. इथं काय ठेवतील, याचा विचारसुद्धा तिनं करून झाला होता.

तरी समिती येणार म्हटल्यावर तिनं हात-पाय हलवले. उंबरमाळीजवळच्या माहेरी भावानं हळवं, लवकर पिकणारं भात नुकतंच कापलं होतं. त्याच्याकडून नव्या तांदळाची पोती मागवली, दाराजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, आज नव्या तांदळाचा भात. नवा तांदूळ आधी घरच्या देवाला दाखवायचा आणि मग तोंडात घालायचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या माहेरी हे ‘नवं’ करून झालं होतं. म्हणजे सगळीकडे झालं असणार, असं तिनं धरून टाकलं. भिमी असती तर तिनं पोत्याशीच अडवलं असतं. ती सुट्टी घेऊन गावाला गेली होती.

कट्ट्याशी राही उभी होती, शेवटच्या वर्षाची, मुरबाडच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची.

"मावशी, भात चांगला झालाय," ती हळूच म्हणाली. "पन आमचं नवं नाय झालं अजून."

"का गो? आमच्याकडं तर झालं."

"काळूराम भगत गेला ना. आमच्या आजूबाजूच्या साऱ्या पाड्यांचा नव्याचा दिवस तोच धरायचा. आता कोन धरनार, ते म्हाताऱ्यांचं ठरत नाय."

संजीवनीनं भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मुलांची पावलं फूड कोर्टाकडे वळली होती. समितीही त्यांच्यामागून तिकडे गेली आणि तिथली रांग पाहून परत आली.

तिनं अध्यक्षांना सगळं सांगितलं. चूक आपली, मुलांना इथलं जेवण नको आहे असा अर्थ काढू नका, असंही सांगितलं. अध्यक्ष शांत गृहस्थ होते. त्यांनी मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, हे एखाद्या विद्यार्थ्याच्या तोंडून कळलं तर बरं.

संजीवनीनं राहीला बोलावून आणलं. राही ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत समितीसमोर उभी राहिली. अध्यक्षांनी अगदी मायेनं विचारलं, भात का नाही खाल्ला?

"भूक नव्हती, सर."

एका सदस्यानं विचारलं, घरच्या काही चालीरीतीमुळं का? राहीनं मान हलवली. नाही. मग सदस्य म्हणाले, घाबरू नकोस, अंधश्रद्धा वगैरे कुणी म्हणणार नाही. राहीनं ओढणीचं टोक आणखी घट्ट गुंडाळलं. घरच्या देवाचं नाव या टेबलावर काढायचं नव्हतं तिला. संजीवनीला ते दिसत होतं. तिच्या वयाची असताना तीही नसती बोलली. तिनं राहीला जायला सांगितलं.

संध्याकाळी राही परत आली, दारातच थांबली. "मावशी, माज्यामुळं बंद होईल का?"

"तुज्यामुळं नाय," संजीवनी म्हणाली. "जेवून जा. जुन्या तांदळाचा टाकलाय."

दोन दिवसांनी भिमी गावाहून आली; तिचा पाडा राहीच्या पाड्याशेजारचाच. सगळं ऐकून घेतलं, पोत्यात हात घालून तांदूळ हुंगला आणि खाली बसली.

"तू पन ना गो, संजीवनी. गुपचूप शिजवला असता तरी त्यांना वासानं कळला असता. तू तर फळ्यावर लिवून सांगितलंस."

संजीवनीला हसू आलं. हसायचाही कंटाळा आला होता, पण आलं. मग तिनं विचारलं, तुमच्याकडचा दिवस ठरला का. भिमी म्हणाली, भगताचा पुतण्या दिवस धरायला तयार हाय, पन अर्धे म्हातारे त्याला मानत नाय.

संजीवनीनं अध्यक्षांना फोन केला. नवं झाल्यावर पुन्हा एकदा जेवायच्या वेळेला या, अशी विनंती केली. ते म्हणाले, तारीख कळवा. तिला तारीख देता आली नाही.

दिवाळीची सुट्टी संपून आवार पुन्हा भरलं आहे. पाड्यांवरचा दिवस अजून धरलेला नाही. समितीचा अहवाल वर गेला असं कार्यालयातून कळलं. त्यात काय आहे, ते कुणी सांगितलेलं नाही. भोजनगृहात दोन्ही वेळचा भात जुन्या तांदळाचा होतो, आणि काल फूड कोर्टाच्या ठेकेदाराची दोन माणसं येऊन खिडक्यांची मापं घेऊन गेली.